बॅजरची पिल्लं बघायची तर दाण्यांची हाइड नको, बिळाची घ्या

बॅजर म्हणजे जमिनीत बिळं करून राहणारा, रात्री फिरणारा प्राणी. ब्रिटनमध्ये संध्याकाळी पैसे घेऊन तो दाखवणाऱ्या हाइड, म्हणजे आत लपून प्राणी बघायच्या खोल्या, बऱ्याच आहेत. काही शेतकऱ्यांच्या, काही निसर्गसंस्थांच्या, काही टूर कंपन्यांच्या. सहसा माणशी वीस-तीस पौंड, दोन-अडीच तासांची बैठक, आणि काचेपलीकडे अगदी जवळ ते काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं तोंड. एकदा बॅजर डोळे भरून बघायचा एवढीच इच्छा असेल तर यातली कुठलीही चालेल, फार चौकशी करत बसू नका. पण मादी पिल्लांना कशी वाढवते हे बघायचं असेल, तर तिकीट काढण्याआधी एक प्रश्न विचारायलाच हवा: हाइड बिळासमोर आहे की दाण्यांसमोर?

दाण्यांची हाइड म्हणजे बिळापासून दूर, मोकळ्या जागेत बांधलेली लाकडी खोली. रोज ठरलेल्या वेळी समोरच्या ओंडक्यांवर, दगडांच्या फटीत शेंगदाणे टाकले जातात. बॅजर येतो, खातो, निघून जातो. उजेड बरा, अंतर कमी, फोटो झकास. स्कॉटलंडमध्ये अविमोरजवळ रोथीमर्कसच्या जंगलात स्पेसाइड वाइल्डलाइफची हाइड आहे, तिथे बॅजरबरोबर पाइन मार्टेन हा त्याच्याच कुळातला, झाडांवर चढणारा प्राणीही दिसू शकतो. अशा बैठकीचे पैसे वाया गेले असं कोणी म्हणणार नाही. मात्र एप्रिल-मेमध्ये दाण्यांवर येणारी मादी एकटीच येते. पिल्लं मागे बिळाच्या तोंडाशी असतात. दूध पाजणाऱ्या मादीची भूक मोठी, त्यामुळे ती मान वर न करता खाते आणि चालू लागते. तुम्हाला दिसते ती जेवणारी मादी. आईपण सगळं दोन शेतं पलीकडे चाललेलं असतं.

बिळाची हाइड दिसायला तितकी देखणी नसते. समोर उकरलेल्या मातीचे ढीग, खाजकुयलीची इंग्लंडमधली बहीण म्हणावी अशी नेटल, मधे एल्डरची झुडपं, आणि बहुतेक वेळ काहीच घडत नाही. पण घडतं तेव्हा तेच बघायला आपण आलेलो असतो.

काय दिसणार हे तारखेवर ठरतं, म्हणून आधी वेळापत्रक समजून घ्या. युरोपातल्या या बॅजरमध्ये (आपल्याकडचं चांदी अस्वल वेगळं, त्याच्याशी गल्लत नको) मिलन वर्षभरात कधीही होऊ शकतं. फलित अंडं मात्र गर्भाशयात थांबून राहतं आणि साधारण डिसेंबरात रुजतं. तिथून सातेक आठवड्यांनी, म्हणजे बहुधा फेब्रुवारीत, पिल्लं होतात. एकावेळी एक ते पाच, बहुतेकदा दोन-तीन. डोळे पाचेक आठवड्यांनी उघडतात. आठ-नऊ आठवड्यांची होईपर्यंत ती बिळाबाहेर येत नाहीत. त्यामुळे ‘मार्चमध्ये पिल्लं बघा’ अशी जाहिरात दिसली तर ती टाळा. मार्चमध्ये पिल्लं जमिनीखाली असतात आणि दिवा पाजळून तिथे कोणाला डोकावता येत नाही. दक्षिण इंग्लंडमध्ये एप्रिलच्या उत्तरार्धात ती पहिल्यांदा तोंड काढतात, तेही अंधार पडल्यावर, दोन-चार मिनिटांसाठी. स्कॉटलंडमध्ये आणखी थोडं उशिरा.

खरा हंगाम मेच्या मध्यापासून जूनअखेरपर्यंत. पिल्लं तीनेक महिन्यांची झालेली असतात, दूध सुटायला लागलेलं असतं, आणि सूर्य मावळायला नऊ वाजून जातात, त्यामुळे उजेडातच बाहेर पडतात. ताडोब्यात बुद्धपौर्णिमेला मचाणावर रात्र काढलेल्यांना इथली शिस्त शिकवावी लागणार नाही. फरक एवढाच की तिथे सगळा भरवसा चांदण्यावर, इथे साडेआठला पुस्तक वाचता येईल इतका उजेड असतो. अविमोरच्या बाजूला तर जूनमध्ये सूर्यास्तच दहाच्या पुढे. जुलैच्या मध्यानंतर पिल्लं बाहेर आली की लगेच मोठ्यांच्या मागे चरायला निघून जातात. हाइडसमोर खेळत बसत नाहीत. जुलै-ऑगस्टचं तिकीट काढताना हे कोणी आपणहून सांगत नाही.

आता त्या दोन तासांत काय बघायचं ते. आधी बिळाच्या तोंडाशी नाक दिसतं. नुसतं नाक, वरखाली हलणारं. मादी हवा तपासत असते, आणि हे पाच-दहा मिनिटंसुद्धा चालतं. मग ती निम्मी बाहेर येते, परत आत जाते, पुन्हा येते. बाहेर आली की बूड टेकून, मागे रेलून पोट खाजवत बसते. ओळख पटवायची हीच वेळ: पिल्लांच्या आईचे स्तनाग्र या अवस्थेत स्पष्ट दिसतात, तीन जोड्या असतात आणि भोवतीचे केस झिजलेले असतात. नराचं डोकं रुंद, गाल भरलेले, मादीचं निमुळतं. कळपात इतर माद्याही असतात, त्यांतल्या सगळ्या त्या वर्षी व्यालेल्या नसतात. कधी कधी पिल्लांजवळ दुसरीच मादी बसलेली दिसते. गाइडने बोट दाखवून ‘ती आई’ म्हटलं तर कशावरून, असं जरूर विचारा. पोटाकडे बघून सांगणारा गाइड जाणता समजायचा.

पिल्लं बाहेर आली की आई त्यांच्यावर शेपटी टेकवून क्षणभर बसल्यासारखं करते. बघणाऱ्याला ते अपघाताने टेकल्यासारखं वाटतं. शेपटीखालच्या ग्रंथीचा वास ती पिल्लांना लावत असते. या कळपात कोण आपलं आणि कोण परकं हे सगळं वासावर चालतं, त्यामुळे मोठे बॅजरही एकमेकांना असंच टेकून जातात. पिल्लं खेळताना शेपटीचे केस बाटली धुवायच्या ब्रशसारखे फुलवतात. एखादं फार लांब गेलं तर आई त्याच्या मानगुटीची कातडी दातात धरून सरळ ओढत आत नेते, लाडीगोडी नाही. दूध पाजणं जवळजवळ सगळं जमिनीखाली होतं. ते दाखवण्याचं आश्वासन देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. बिछाना आणणं मात्र दिसू शकतं, आणि ते चुकवू नका. मादी सुकं गवत, ब्रॅकन नेचा, ब्लूबेलची पानं गोळा करते, हनुवटी आणि पुढच्या पायांत कवटाळते आणि पाठमोरी सरकत सरकत बिळात शिरते. वाटेत निम्मं सांडतं. ते ती सहसा परत येऊन नेते.

आवाजाचं महत्त्व बहुतेक हाइडवाल्यांना कळलेलं नाही. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी बॅजरचे १६ वेगवेगळे आवाज नोंदवलेले आहेत, आणि त्यातला आईने पिल्लांना बोलावताना काढलेला खालच्या पट्टीतला घुर्र आवाज जाड काचेतून ऐकू येत नाही. बाहेर मायक्रोफोन आणि आत छोटा स्पीकर एवढीच सोय लागते, खर्च फार नाही. ती असेल तर पाच पौंड जास्त द्यायला हरकत नाही. नसेल तर निदान एक खिडकी उघडी ठेवता येते का ते विचारा.

खिडकी उघडण्याचा प्रश्न आला की वाऱ्याचा आलाच. बॅजरची नजर जेमतेम, कान तिखट आणि नाक सगळ्यात पुढे. ब्रिटनमध्ये वारा बहुधा नैऋत्येकडून येतो, म्हणून हाइड बिळाच्या ईशान्येला असावी, म्हणजे माणसांचा वास बिळापासून दूर जातो. पण बिळं बहुतेकदा उतारावर असतात आणि संध्याकाळी जमीन थंड झाली की हवा उताराने खाली वाहू लागते. वारा पडलेल्या संध्याकाळी उताराच्या वरच्या बाजूला बांधलेल्या हाइडमधला सगळा वास थेट बिळाच्या तोंडात जातो. अशा ठिकाणी नाक दिसतं, दोनदा हलतं आणि आत जातं. मग तासभर काही नाही. गाइड म्हणतो ‘आज मूड नाही’. मुळात जागा चुकलेली असते. चांगली हाइड बिळाच्या खालच्या अंगाला तरी असते किंवा पायांवर उंच उचललेली तरी. पूर्ण बंद हाइड असेल तर हवा जायला छतावर नळी असावी. फोटो मागवून घेतलात तर या गोष्टी घरबसल्या कळतात.

उजेडाचं तसंच. अंधार पडल्यावर मंद, पिवळसर दिवा रोज त्याच वेळी, हळूहळू वाढत लागायला हवा. वर्षभर तो रोज लागला की बॅजर त्याची दखल घेत नाहीत. पाहुणे आले त्याच दिवशी लावायचा आणि खटका दाबून एकदम लावायचा, हे दोन्ही वाईट. पिल्लं असतील तर पळून आत जातात आणि त्या रात्री पुन्हा येतीलच असं नाही. लाल उजेड बॅजरला कमी जाणवतो म्हणून काही ठिकाणी तो वापरतात. आपल्या डोळ्यांना त्रास होतो, पण पिल्लांच्या दृष्टीने बरा.

हाइडचा प्रामाणिकपणा तपासायचा सोपा मार्ग म्हणजे तिची नोंदवही. रोज किती वाजता पहिला बॅजर बाहेर आला, किती मोठे, किती पिल्लं, वारा कुठून, एवढं लिहिलेलं असतं. बुकिंग करताना गेल्या आठ-दहा दिवसांच्या नोंदी विचारा. ज्याच्याकडे वही आहे तो कौतुकाने वाचून दाखवतो. ‘आमच्याकडे ९५ टक्के संध्याकाळी बॅजर दिसतोच’ हे उत्तर दाण्यांच्या हाइडचं. त्यात पिल्लांबद्दल काहीच नाही. पिल्लं किती वेळा, किती वेळ, हे वेगळं विचारावं लागतं.

वही का महत्त्वाची, तर कुटुंब जागा बदलतं. मुख्य वसाहतीत बरीच दारं असतात, शिवाय आसपास दुय्यम बिळं असतात. पिसवा वाढल्या, माणसांची ये-जा वाढली, कुत्रं घुसलं की मादी पिल्लांना मानगुटीला धरून दुसरीकडे नेते. हाइड तिथेच राहते आणि समोरची दारं आठवडा-दोन आठवडे ओस पडतात. असं झाल्यावर कळवून तारीख बदलून देणारे लोक आहेत, आणि मुकाट पैसे घेऊन रिकाम्या बिळासमोर बसवणारेही आहेत. परताव्याच्या अटीत ‘बॅजर दिसला नाही तर’ असं असतं. दूरवर एखादं मोठं जनावर दिसलं की अट पुरी झाली. पिल्लांसाठी जात असाल तर तसं ईमेलमध्ये लिहून मागा.

दुसरी नेहमीची अडचण हवामानाची, आणि ती लोकांच्या अपेक्षेच्या उलट आहे. उबदार, भिजलेली रात्र बॅजरला सगळ्यात आवडते, कारण गांडुळं वर येतात आणि गांडूळ हे त्याचं मुख्य खाणं. म्हणूनच अशा रात्री आई बाहेर आली की लगेच चरायला पळते आणि हाइडसमोर शुकशुकाट. कोरड्या वसंतात गांडुळं खोल जातात, मोठे बॅजर लवकर, भर उजेडात बाहेर पडतात, बघणाऱ्याची चंगळ होते. पिल्लांचे मात्र हाल होतात. दूध आटतं, आणि निम्म्याहून अधिक पिल्लं वर्षही पुरं करत नाहीत, त्यात अशा कोरड्या दिवसांचा वाटा मोठा. मेमध्ये तीन पिल्लं असलेल्या हाइडवर जूनअखेर एकच दिसलं तर तो हाइडवाल्याचा दोष मानू नका. जोराचा वारा सुटला असेल तर मात्र सगळेच उशिरा बाहेर येतात, कारण वास आणि आवाज दोन्हीचा गोंधळ होतो.

तिसरी अडचण जूनमधली: ब्रॅकन नेचा कमरेइतका वाढतो आणि पिल्लं त्यात गडप होतात. मेमध्ये मोकळी दिसणारी जागा चार आठवड्यांत हिरवी भिंत होते. समजूतदार मालक हिवाळ्यातच नजरेची एक अरुंद वाट ठरवून ठेवतो. ऐन हंगामात बिळावर यंत्र फिरवणारा मालक पाहुण्यांची सोय करतो आणि पिल्लांचा आडोसा काढून घेतो. शिवाय ते कायद्यातही बसत नाही. १९९२ च्या बॅजर संरक्षण कायद्यानुसार ब्रिटनमध्ये वापरातल्या बिळाची नासधूस करणं, दार बुजवणं, कुत्रं आत सोडणं, आतल्या बॅजरला त्रास देणं हे सगळे गुन्हे आहेत. दुरून, शांतपणे बघणं हा गुन्हा नाही.

जाताना काय न्यावं हे सगळेच सांगतात, काय नेऊ नये ते थोडं सांगतो. चुरचुरणारं नायलॉनचं रेनजॅकेट नको, लोकर किंवा फ्लीस घ्या. अत्तर, डिओ, ओडोमॉस नको. स्कॉटलंडमध्ये मिज नावाची बारीक चिलटं जीव खातात हे खरं, पण त्यावर बारीक जाळीची टोपी हा उपाय. डब्यात लसणाची चटणी असेल तर डबा गाडीतच ठेवा. लहान मुलांना वयाची अट बऱ्याच ठिकाणी असते, आणि ती योग्यच आहे.

खिसा हलका ठेवायचा असेल तर स्थानिक बॅजर ग्रुप हा चांगला मार्ग. बॅजर ट्रस्टशी जोडलेले असे स्वयंसेवकांचे गट ठिकठिकाणी आहेत आणि त्यांतले काही सभासदांना मेमध्ये बिळावर घेऊन जातात. काच नाही, खुर्ची नाही, झाडाच्या बुंध्याला पाठ लावून बसायचं, म्हणजे आकाशावर आपली आकृती उमटत नाही. अंतर पंधरा-वीस मीटर. फोटो मिळत नाहीत, पण आवाज सगळे मिळतात, आणि माहिती बहुतेक पगारी गाइडपेक्षा जास्त.

फेब्रुवारी ते एप्रिल हा काळ मात्र कुठल्याच हाइडमध्ये दिसत नाही. त्यासाठी ट्रेल कॅमेरा, म्हणजे प्राणी समोर आला की आपोआप चालू होणारा कॅमेरा लागतो, तोही जमीनमालकाच्या परवानगीने. शे-दीडशे पौंडांत कामाचा मिळतो. दोन प्रकारांत निवड करायची: ८५० नॅनोमीटरच्या इन्फ्रारेड दिव्याचा पल्ला लांब आणि चित्र स्वच्छ, पण कॅमेऱ्यावर फिका लाल ठिपका दिसतो, ९४० नॅनोमीटरचा ठिपका दिसत नाही, चित्र थोडं दाणेदार येतं. बिळासमोर ९४० च घ्या. बिळापासून पाच-सहा मीटरवर, जमिनीपासून गुडघ्याच्या उंचीवर, वाटेला तिरका लावा. सेन्सर सरकणारी उष्णता टिपतो, त्यामुळे आडवा जाणारा प्राणी लगेच पकडतो आणि सरळ अंगावर येणारा उशिरा. जास्त जवळ लावला की पांढऱ्या पट्ट्यांचं तोंड भाजून निघाल्यासारखं पांढरंफटक येतं. तोंड उत्तरेकडे ठेवलं की उन्हाचे खोटे ट्रिगर टळतात. फोटो नको, आवाजासकट तीस सेकंदांचा व्हिडिओ ठेवा. थंडीत लिथियम सेल वापरा. रिचार्जेबल सेलचा विद्युतदाब (व्होल्टेज) मुळात कमी, काही कॅमेरे ते भरलेले असतानाच संपले म्हणतात.

बिघडतं ते असं: भिंगासमोर कोळी जाळं विणतो आणि रात्रभर पांढरी रेघ रेकॉर्ड होते. गवताचं एक पातं हलत राहून कार्ड भरतं. पिल्लं पट्टा ओढतात, मोठा बॅजर भिंगावर चिखलाचं नाक पुसतो. यावर उपाय वारंवार जाणं हा नव्हे. पिल्लं आत असताना तीन आठवड्यांतून एकदा, भर दुपारी, पाच मिनिटांत कार्ड बदलून परत फिरायचं. मार्चमध्ये मादी दारात ताजा बिछाना ओढताना आणि रात्री थोड्याच वेळात परतताना दिसली की आत पिल्लं असण्याचा संभव मोठा.

व्हिडिओ टाकताना ठिकाण काढून टाका. बॅजरवर कुत्रे सोडणारे लोक अजून आहेत, आणि फोटोत दडलेलं लोकेशन त्यांनाही वाचता येतं. ज्या हाइडवाल्याच्या वेबसाइटवर बिळाचा नकाशा आहे, त्याच्याकडे जाऊच नये.

राहिली तारीख. मेचा शेवटचा आठवडा इंग्लंडमध्ये शाळांच्या हाफ-टर्म सुट्टीचा असतो, तेव्हा हाइडमध्ये गर्दी आणि कुजबूज दोन्ही जास्त. त्याच्या आधीचा आठवडा मागा, मंगळवार ते गुरुवार, आणि एकाऐवजी लागोपाठ दोन संध्याकाळी घ्या. दुसऱ्या दिवसाची सवलत विचारली तर अनेक जण देतात.